कोल्हापुरात कुत्र्या-मांजरासाठी डॉक्टर शोधताय? आधी कागद बघा

थेट सांगतो, कोल्हापुरात जनावरांच्या डॉक्टरांची कमी नाही. कमी आहे ती कुत्र्या-मांजराला नीट हात लावून बघणाऱ्यांची आणि काय टोचलं ते लिहून देणाऱ्यांची. आम्ही ज्या क्लिनिकला जातो ते या दोन्हीत पास आहे म्हणून हे लिहितोय. नाव मुद्दाम टाकत नाही, मॅडम एकट्याच बघतात आणि आत्ताच वेटिंग बाहेरच्या पायरीपर्यंत येतंय, अजून गर्दी झाली तर आमचाच नंबर लागायचा नाही. पण तिथं काय बघून आम्ही टिकलो ते सांगतो, म्हणजे तुमच्या भागातला डॉक्टर निवडताना उपयोगी पडेल. आमच्या घरी एक कारवानी (शिकारी जातीचा) कुत्रा आहे, नाव पैल्या (पैलवान, पण फटाके लावले की कॉटखाली), आणि एक बोका, त्याचं नाव तात्या.

आधी इथली परिस्थिती समजून घ्या. आपलं गाव दुधाचं. गोकुळ 1963 पासून आहे, घरटी नाही म्हटलं तरी गल्लीत एक तरी म्हसरं पाळणारा असतोच, दिवाळीत म्हशी सजवून पळवायची हौस आपल्याकडं. त्यामुळं जनावरांचा डॉक्टर म्हटलं की गोठ्यात हात घालणारा माणूस, गाभण तपासणारा, अडलेली म्हैस सोडवणारा. त्यात ते लई तयार असतात, त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. पण म्हशीचा चांगला डॉक्टर मांजरालाही चांगला असेलच असं नाही. मांजराचं शरीर काही औषधं पचवूच शकत नाही, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते, आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर सोडायचं जे औषध मिळतं त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, ते मांजराला लावलं तर फिट यायला लागतात. हे माहीत असणारा माणूस पाहिजे.

सरकारी दवाखान्याबद्दल लोक नाकं मुरडतात, मला ते पटत नाही. रेबीजचं इंजेक्शन, जंताचं औषध, साधी जखम, एवढ्यासाठी सरकारी पशुदवाखाना चांगला पर्याय आहे आणि खर्च नावालाच. अडचण एवढीच की तिथल्या डॉक्टरांच्या मागं अख्ख्या भागातली गुरं असतात. 2022 ला लम्पी आला तेव्हा सगळे गोठ्या-गोठ्यात लसी टोचत फिरत होते, त्यांच्याकडं कुत्र्याच्या कानाला वेळ कुठला. आणि 1962 हा जो टोल फ्री नंबर आहे तो मुख्यतः गुराढोरांसाठी, फिरतं पथक दारात येतं ते तिकडं, शहरात फ्लॅटमधल्या मांजरासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

आता मूळ मुद्दा, कागद.

आपल्याकडं सर्रास काय होतं सांगतो. कुत्रं खाजवतंय म्हणून कुणी घेऊन गेलं, डॉक्टरांनी लांबूनच बघितलं, आतून दोन सिरिंज भरून आल्या, एक पांढरी एक लाल, टोचलं, पैसे घेतले, 'बरं होईल'. घरी आल्यावर खाज गायब, घरातले खूश, डॉक्टर म्हणजे देवमाणूस. महिन्याभरात खाज परत, परत पांढरं इंजेक्शन. ते पांढरं बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. स्टेरॉईड वाईट नाही, योग्य वेळी जीव वाचवतं, पण ते दिलंय हे पाळणाऱ्याला माहीत पाहिजे की नको? कारण पुढच्या आठवड्यात तेच कुत्रं लंगडायला लागलं आणि तुम्ही दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात, त्यांनी दुखण्यावर मेलॉक्सिकॅम दिलं, तर स्टेरॉईड आणि हे दुखण्याचं औषध एकत्र आलं की पोटात अल्सर होऊ शकतो, रक्ताच्या उलट्या होऊ शकतात. दुसऱ्या डॉक्टरचा यात काय दोष? त्यांना सांगणार कोण, कागदच नाही. आणि स्टेरॉईड चालू असलं की कुत्रं भसाभस पाणी पितं, सारखं मुततं, मग घरातले डायबेटिस झाला म्हणून घाबरतात ते वेगळंच.

आमच्या मॅडमकडं प्रत्येक जनावराची फाईल आहे, आणि त्याची कॉपी आपल्याला मिळते. वजन, ताप, काय सापडलं, काय टोचलं, किती मिली, कुठं टोचलं, पुढं काय. अक्षर भयंकर आहे, पण औषधाचं नाव कॅपिटलमध्ये. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं आधी काय काय दिलंय, मी म्हटलं नंबर फिरवून विचारतो, जुन्या ठिकाणी फोन केला तर तिकडून उत्तर आलं 'ताकदीचं होतं'. बास. ताकदीचं म्हणजे काय, ते आजपर्यंत कळलं नाही.

तपासणी कशी करतात ते बघा, यातून डॉक्टर लगेच कळतो. आधी वजन, काट्यावर, अंदाजानं नाही, कारण डोस किलोवर असतो. मग थर्मामीटर, हो तिकडूनच, कपाळाला हात लावून कुत्र्याचा ताप कळत नाही, त्यांचं नॉर्मलच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, माणसाच्या हिशोबानं ते तापातच असतात. मग हिरड्या बघतात, गुलाबी की पांढऱ्या की पिवळ्या. मानेखालच्या गाठी चाचपतात, पोट दाबून बघतात, कानात बघतात. पाच-सात मिनिटं जातात. पैल्या या वेळी पुतळ्यासारखा उभा असतो, तात्या मात्र टॉवेलमध्ये गुंडाळल्याशिवाय अंगाला हात लावू देत नाही. टॉवेल त्यांच्याकडंच असतो आणि मानगुटीला धरून आपटत नाहीत, हे मला लई आवडलं.

गोचिड ताप हा आपल्याकडचा मोठा विषय. पावसाळ्यात आणि पावसाळा संपता संपता गोचिडं नुसती वाढतात, भिंतीच्या फटीत, कुंडीखाली, सगळीकडं. त्यातून एर्लिकिया आणि बबेसिया असे दोन ताप पसरतात. कुत्रं खात नाही, ताप येतो, नाकातून रक्त येतं कधी, प्लेटलेट्स खाली जातात, बबेसियात लघवी चहासारखी होते आणि हिरड्या पांढऱ्याफट्ट. दोन्हीची औषधं वेगळी, एर्लिकियाला डॉक्सीसायक्लिन साधारण 28 दिवस, बबेसियाला वेगळी इंजेक्शनं. म्हणून रक्त काढून, स्लाइड बघून, मग औषध सुरू करणारा डॉक्टर पाहिजे. पैल्याला झाला होता तेव्हा मॅडमनी कानाच्या टोकाला टोचून थेंबभर रक्त काचेवर घेतलं आणि बाकीचं नळीत भरून लॅबला पाठवलं, रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअपवर. आणि बजावून सांगितलं की चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागेल तेव्हा गोळ्या बंद करायच्या नाहीत. शेजारच्या गल्लीत एकानं नेमकं तेच केलं, दोन महिन्यांनी परत ॲडमिट. मांजराला डॉक्सीसायक्लिनची गोळी कोरडी द्यायची नसते हेसुद्धा मला इथंच कळलं, घशात अडकून अन्ननलिका भाजते, वर सिरिंजनं थोडं पाणी पाजायचं.

लसीकरणाचं. पिल्लू घेतलं की सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांनी पुढची, असं सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तीन महिन्याला, नंतर दर वर्षी. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं पण लस कुठं ठेवलीय हे कुणी बघत नाही. लस 2 ते 8 डिग्रीत राहायला पाहिजे. फ्रीज दाखवा म्हणायला लाजू नका. आमच्या इथं फ्रीजला बाहेर थर्मामीटर लावलाय आणि आत लसीच, दूध-दही-कोल्ड्रिंक नाही. कुत्र्याची जी मिक्स लस असते ती पावडरची बाटली आणि पाण्याची बाटली अशी येते, ती तुमच्यासमोर मिसळायला पाहिजे आणि बाटलीवरचा स्टिकर, बॅच नंबर आणि एक्सपायरीसकट, पुस्तकात चिकटवायला पाहिजे. घरी येऊन आधीच भरलेली सिरिंज खिशातून काढणारा कुणी असेल तर दारातूनच नमस्कार करा. पार्व्होनं पिल्लू गेलेलं ज्यांनी बघितलंय त्यांना हे सांगावं लागत नाही, रक्ताची हगवण, उलट्या, तो वास, आणि तो व्हायरस जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाइलनं मरत नाही, ब्लीच लागतं. म्हणून पार्व्होनं पिल्लू गेलं त्या घरात लगेच दुसरं बिनलसीचं पिल्लू आणायचं नाही.

आणि पूर. 2019 आणि 2021 ज्यांनी बघितला त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. उंदराच्या लघवीतून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस कुत्र्याला होतो आणि कुत्र्यापासून माणसालाही होऊ शकतो. मिक्स लसीत लेप्टोचा भाग आहे का हे विचारून घ्या, काहींत नसतो, आणि त्याचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं, म्हणजे हा भाग दर वर्षी. पंचगंगेच्या बाजूच्या, पाणी येणाऱ्या भागातल्यांना मॅडम जूनच्या आधीच मेसेज टाकतात. ही गोष्ट लहान वाटेल पण पेशंट कुठं राहतो हे डॉक्टरला माहीत असणं याला मी पाचपैकी पाच देतो.

सोमवारी सकाळी मात्र जाऊ नका. कारण? रविवारचं मटण. अख्खं कोल्हापूर रविवारी हाडं कुत्र्याला घालतं आणि सोमवारी तीच कुत्री उलट्या करत लायनीत. शिजवलेलं हाड फुटतं तेव्हा टोकदार तुकडे होतात, घशात नाहीतर आतड्यात रुततात. तांबड्या रश्शात कांदा-लसूण किती असतो सांगायला नको, दोन्ही कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, वर तेलाचा कट, त्यानं स्वादुपिंडाला सूज येते. वेटिंगमध्ये एक आजोबा मॅडमना म्हणत होते, आमच्या वडिलांच्या काळापासून कुत्री हाडंच खातायत. मॅडम म्हणाल्या, काका, तेव्हा मेली की पुरत होतो, कशानं मेली बघत नव्हतो. आजोबा गप्प.

ऑपरेशनसाठी डॉक्टर निवडताना जास्त खोलात जा. पैल्याची नसबंदी करायची होती आणि कारवानी, पश्मी, मुधोळ असली शिकारी कुत्री पाळणाऱ्यांनी हे नीट वाचा. या हडकुळ्या, पळणाऱ्या जातींच्या अंगात चरबी जवळजवळ नसते आणि ग्रेहाउंडसारख्या कुत्र्यांत थायोपेंटोनसारखी भुलीची औषधं शरीरातून फार हळू बाहेर पडतात, कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही, अंगही गार पडतं. मी तीन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणी 'काय होत नाही ओ, रोज करतोय'. दुसऱ्या ठिकाणी रेट सांगितला, बाकी काही नाही. मॅडमनी आधी विचारलं जात कुठली, मग म्हणाल्या याला गॅसवर ठेवू (म्हणजे भूल मशीनमधून गॅसनं देऊ), आधी रक्त तपासू, आणि माझ्याकडं गॅसचं मशीन नाही त्यामुळं मी तुम्हाला दुसरीकडं पाठवते. चिठ्ठी लिहून दिली, फाईलची कॉपी दिली. स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडं पाठवणारा डॉक्टर बघितला की माझा तरी विश्वास बसतो. मशीन नसणं हा दोष नाही, नसताना आहे असं दाखवणं हा दोष.

कुत्रीची नसबंदी केली नसेल तर माज येऊन गेल्यावर काही आठवड्यांत ती जास्त पाणी प्यायला लागली, मलूल झाली, मागून पू आला, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, उद्या बघू म्हणायचं नाही. काही वेळा पू बाहेर येतही नाही, आतच साठतो, ते जास्त वाईट. तसंच बोक्याचं. तात्या एका रात्री वाळूत सारखा बसत होता, ओरडत होता, थेंब नाही. आमच्या घरी म्हणाले बद्धकोष्ठ असेल, एरंडेल घाला. मी मॅडमना मेसेज टाकला, त्यांनी पाच मिनिटांत फोन केला, म्हणाल्या लघवी अडकलीय, सकाळपर्यंत थांबू नका, आत्ता या. बोक्याची मूत्रनळी बारीक असते, अडकली की एक-दोन दिवसांत जीव जातो, रक्तात पोटॅशियम वाढून हृदयच बंद पडतं. भूल देऊन नळी घातली, सलाईन, आता तो ओल्या खाण्यावर आहे आणि पाण्याचं भांडं घरात चार ठिकाणी.

डिग्रीबद्दल एक. भिंतीवर बीव्हीएस्सी अँड एएच लिहिलेलं असतं, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा कोर्स, राज्यातलं आपल्याला जवळचं सरकारी कॉलेज म्हणजे पुण्याच्या अलीकडं हायवेवरचं शिरवळ. एमव्हीएस्सी, म्हणजे पुढची मास्टर डिग्री, असेल तर कशात ते बघा, सर्जरी, मेडिसिन की डेअरीशी संबंधित काही. 1984 च्या कायद्यानं प्रॅक्टिस करायला पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते, तो नंबर विचारला म्हणून चांगला डॉक्टर चिडत नाही. डिप्लोमावाले पशुधन पर्यवेक्षक गावाकडं मोठं काम करतात, पण त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायचं असतं, तुमच्या मांजराचं पोट फाडायचं नसतं. पेट शॉपवाला जो डॉक्टर सुचवतो त्याच्याकडं लगेच जाऊ नका, त्यांचं आपसात काय असतं आपल्याला काय माहीत. आणि मेडिकलच्या दुकानदारानं सांगितलेली पेनकिलर तर अजिबात नाही, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही माणसाची औषधं कुत्र्याचं पोट आणि किडनी दोन्ही घालवतात. डायक्लोफिनॅकनं तर आपली गिधाडं संपत आली, मेलेल्या गुरांतून पोटात गेलं, 2006 ला जनावरांसाठी बंदी आली. एवढं होऊनसुद्धा आपला दुकानदार 'अर्धी गोळी द्या' म्हणतोच.

आता मॅडमच्या क्लिनिकचे वांधे. पार्किंग नाही म्हणजे नाहीच, मोठं कुत्रं रिक्षातून आणा. फोन लागत नाही, मेसेज टाकावा लागतो, आणि अर्जंट नसेल तर उत्तर रात्री. एक्स-रे, सोनोग्राफी बाहेर. रात्री ॲडमिट करून घेत नाहीत, सलाईन लावायला सकाळ-संध्याकाळ ने-आण करावी लागते, नोकरीवाल्याचे हाल होतात. वेटिंगची जागा एकच, त्यामुळं मांजराच्या पिंजऱ्यासमोर लॅब्राडॉर लाळ गाळत उभा, तात्या तिथंच निम्मा आजारी पडतो. पिंजऱ्यावर चादर टाका. आणि कंपाउंडर मामांना सगळ्यांच्या कुत्र्याला बिस्किट द्यायची सवय आहे, ऑपरेशनला उपाशी आणलेल्या कुत्र्यालाही देतील म्हणून आधीच ओरडून सांगा. पण हेच मामा, एका पोराला मांजराचा दात लागला तर त्याला धरून नळाखाली घेऊन गेले, साबणानं पंधरा मिनिटं हात धुवायला लावला आणि तिथून थेट सीपीआरला (आपल्या सरकारी दवाखान्यात) पाठवला, रेबीजच्या इंजेक्शनला.

फी महाग म्हणणारे भेटतील. तपासणीचे पैसे वेगळे आणि औषधाचे वेगळे असं बिलात दिसतं म्हणून महाग वाटतं, दुसरीकडं तेच इंजेक्शनमध्ये घालून घेतात. मला तरी वेगळं दिसलेलं बरं. पैसे कमी पडत असतील तर आधीच सांगा, कुठली टेस्ट आज केलीच पाहिजे आणि कुठली आठवड्यानं चालेल हे त्या सांगतात, कुरकुर न करता.

जाताना पोट बिघडलेलं असेल तर शी डबीत घेऊन जा, ताजी, उलटीचा फोटो काढा, लंगडतंय किंवा फिट येते तर व्हिडिओ करा कारण दवाखान्यात शिरलं की सगळी कुत्री खडखडीत चालतात. जुने कागद सगळे न्या, लसीचं पुस्तक पण. गुरुवारी संध्याकाळी बंद. यूपीआय चालतं, कार्ड नाही. मांजर असेल तर दुपारी बाराच्या पुढं जा, तेव्हा कुत्री कमी असतात, आणि मामा जेवायला गेलेले असतात.